तिच्या नांवाचा शोध

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १, वचनें १ ते ४, प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ९, वचनें ३६ ते ४२.



शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकीं लूक हा वैद्य होता. वैद्य नाडी पाहिल्यावांचून व घरच्या माणसांस चार प्रश्न विचारल्यावांचून औषध देत नाहीं. लूकानें लेखणी हातीं घेतली तेव्हांहि हीच संवय त्याच्या उपयोगीं पडली. प्रभूच्या सेवाकार्याच्या काळीं तो स्वतः तेथें नव्हता. म्हणून ज्यांनीं तीं कृत्यें पाहिलीं होतीं त्यांजकडे त्यानें विचारपूस केली, मुळापर्यंत जाऊन शोध घेतला, मिळालेलें सर्व क्रमानें लाविलें, आणि मग थियफिल नांवाच्या एका मनुष्याच्या विश्वासास बळकटी यावी म्हणून तें लिहून काढिलें. पवित्र आत्म्याची प्रेरणा होती म्हणून त्यानें शोधाचे श्रम टाळले नाहींत. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहींत, हें आपण आरंभींच मनांत धरूं.

आतां या शोधाचें फळ काय झालें तें पाहा. अलीशिबेच्या घरीं काय घडलें, मरियेनें कोणत्या गोष्टी अंतःकरणांत सांठविल्या, मंदिरांत रात्रंदिवस प्रार्थना करणारी हन्ना कोणाची कन्या, कोणत्या वंशाची, तिचें वय काय, हें सर्व आपणांस लूकच सांगतो. खुजाची बायको योहान्ना आणि सुसान्ना यांनीं आपल्या पदरच्या द्रव्यानें प्रभूची व शिष्यांची सेवा केली, हेंहि त्याच्याच पुस्तकांत आहे. हीं नांवें राजदरबारच्या कागदांत नव्हतीं व सभास्थानाच्या वहींत नव्हतीं. कोणी तरी जाऊन विचारलें म्हणून तीं राहिलीं. यावरून असें दिसतें कीं, जेथें शोध नीट होतो तेथें स्त्रियांचीं नांवें सांपडतात. आणि जेथें लोक ऐकीव गोष्टीवर समाधान मानितात, तेथें प्रथम स्त्रियांचींच नांवें गळून पडतात.

ही गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून एका बाईचें चरित्र आज आपणांपुढें ठेवितों. अमरावती, अकोला येथील कित्येक शाळांत निळ्या गणवेशांतील, गळ्याभोंवतीं रुमाल बांधलेल्या मुली आपण पाहिल्या असतील. त्यांस गाइड म्हणतात. जुन्या मराठींत त्यांस वीरबाला म्हणत. जखमेस पट्टी बांधणें, उघड्यावर चूल मांडून रांधणें, नकाशा पाहून वाट काढणें, दुसऱ्याच्या अडचणींत न बोलावतां धावून जाणें, अशा गोष्टी त्या शिकतात. ही मुलींची संघटना कोणी काढिली?

असें विचारल्यास प्रथम उत्तर मिळतें तें रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचें. बालवीरांची चळवळ त्यांचीच, तेव्हां मुलींचीहि त्यांचीच असेल असें लोकांस वाटतें. जो थोडा अधिक जाणतो तो त्यांच्या पत्नी ओलेव्ह यांचें नांव सांगतो. कारण दरवर्षी २२ फेब्रुवारीस जगभर चिंतनदिन पाळितात, आणि ती तारीख त्या पतिपत्नींच्या जन्मदिवसाची आहे. हा दिवस १९२६ सालीं अमेरिकेंतील परिषदेंत ठरला. दोन्ही उत्तरें अगदींच खोटीं नाहींत. पण दोन्ही अपुरीं आहेत. मुळापर्यंत जाणाऱ्यास तेथें तिसरें नांव सांपडतें. तें अ‍ॅग्नेस बेडन-पॉवेल, रॉबर्ट यांची धाकटी बहीण, हें होय.

अ‍ॅग्नेसबाईंचा जन्म १६ डिसेंबर १८५८ रोजीं लंडन येथें झाला. वडील पाळकपदाची दीक्षा घेतलेले व ऑक्सफर्ड येथें भूमितीचे प्राध्यापक होते. ते १८६० सालीं वारले, तेव्हां ही मुलगी दोन वर्षांचीहि नव्हती. पुढें भाऊ देशोदेशीं गेले. अ‍ॅग्नेसबाई अविवाहित राहून वृद्ध मातेपाशीं राहिल्या. पण घरीं राहणें म्हणजे स्वस्थ बसणें नव्हे. त्या घरांतच मधमाशा पाळीत, पक्षी व फुलपाखरें यांचा अभ्यास करीत, वाद्यें वाजवीत, आकाशांतील ताऱ्यांची ओळख करून घेत. आणि धाकट्या भावाबरोबर विमानविद्येच्या त्या पहिल्या दिवसांत फुग्यांत बसून आकाशांतहि गेल्या. त्या काळच्या संभावित घरांतील स्त्रियांपैकीं फारच थोड्यांनीं असें केलें असेल.

१९०९ च्या सप्टेंबरांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथें बालवीरांचा मोठा मेळावा भरला. हजारों मुलगे जमले होते. त्यांत कांहीं मुलीहि त्याच वेषांत, कोणी न बोलावतां, येऊन उभ्या राहिल्या. आम्हीहि याच दलाच्या, असें त्यांचें म्हणणें. तोंपर्यंत मुलांच्या पुस्तकावरून आपल्या आपणच तुकड्या बनवून मुलींनीं हजारोंनीं नांवें नोंदविलीं होतीं. म्हणजे मुळांतील मूळ पाहूं गेल्यास ही संघटना प्रथम त्या अनामिक मुलींनींच मागून घेतली. रॉबर्ट यांस वाटलें, मुलींची संस्था वेगळी असावी व ती स्त्रीनेंच चालवावी. त्यांनीं बहिणीस विचारलें. त्या वेळीं अ‍ॅग्नेसबाई ५१ वर्षांच्या होत्या. या वयांत आपल्याकडे स्त्रिया सुनेच्या हातीं चाव्या देऊन बाजूस होतात. या बाईनें त्या वयांत नवें काम अंगावर घेतलें.

१९१० सालीं गर्ल गाइड या नांवानें संस्था उभी राहिली. गाइड हा शब्द आपल्याच देशांतून गेला. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर मर्दान येथें गाइड्स नांवाची एक नामांकित पलटण होती. अवघड मुलखांत स्वतःच्या बुद्धीनें वाट काढणारे म्हणून त्या शिपायांची ख्याति होती. रॉबर्ट यांनीं या देशांत सैन्यांत नोकरी केलेली असल्यानें तें नांव त्यांस ठाऊक होतें, आणि तेंच मुलींस देण्यांत आलें.

आरंभ सोपा नव्हता. मुलींनीं रानांत हिंडावें, तंबूंत राहावें, हें त्या देशांतहि लोकांस रुचलें नाहीं. वर्तमानपत्रांत टीका झाली, आईबापांस भय वाटलें. अ‍ॅग्नेसबाईंचें कुलशील व पाळकाची कन्या म्हणून असलेला लौकिक पाहून पुष्कळांचें भय कमी झालें. त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. भावाच्या पुस्तकांतील मजकूर मुलींस उपयोगी पडेल असा करून, त्यांत शुश्रूषा व घरकाम यांची भर घालून, त्यांनीं १९१२ सालीं वीरबालांचें पहिलें मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच वर्षी ज्युलिएट लो या बाईंनीं हीच चळवळ अमेरिकेंत नेली. १२ मार्च रोजीं सव्हाना शहरीं १८ मुलींनिशीं तेथें आरंभ झाला.

पुढें काय झालें तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. संस्था वाढली, तरुण स्त्रियांच्या हातीं कारभार जावा असें वाटूं लागलें. १९१२ सालीं रॉबर्ट यांच्याशीं विवाह झालेल्या ओलेव्हबाई १९१८ सालीं संस्थेच्या मुख्य गाइड झाल्या. अ‍ॅग्नेसबाई अध्यक्षपदावरून दूर झाल्या, व १९२० सालीं तें पद राजकन्या मेरी यांस मिळालें. त्यांच्या पुस्तकाच्या जागीं १९१८ सालीं रॉबर्ट यांचें नवें पुस्तक आलें. अ‍ॅग्नेसबाई उपाध्यक्ष म्हणून शेवटपर्यंत संस्थेंत राहिल्या व २ जून १९४५ रोजीं, वयाच्या ८६ व्या वर्षी, निवर्तल्या. केन्सल ग्रीन येथील कुटुंबाच्या कबरेंत त्यांस ठेविलें; पण त्या दगडावर त्यांचें नांव त्या वेळीं कोरण्यांत आलें नाहीं. त्यांच्या जन्माची १६ डिसेंबर ही तारीख कोणत्याहि मोठ्या सणाची झाली नाहीं.

यावरून ओलेव्हबाईंस दूषण द्यावें असा माझा हेतु नाहीं. त्यांनीं दीर्घकाळ देशोदेशीं फिरून ही चळवळ वाढविली, हें खरेंच आहे. पौलानें लाविलें व अपुल्लोसानें पाणी घातलें. पाणी घालणाऱ्याचे श्रम खोटे नव्हेत. परंतु पाणी घालणाऱ्याचें नांव गातांना पेरणाऱ्याचें नांव पुसलें जाऊं नये, एवढेंच म्हणणें आहे. वऱ्हाडचा शेतकरी हें चांगलें जाणतो. वेंचणीच्या दिवसांत कापसाच्या गाड्या सर्वांस दिसतात. पण मृगाचा पाऊस पडल्यावर कोणी कंबर वांकवून सरकी टोंबली, हें घरच्यांसच ठाऊक असतें.

शोध करणाऱ्यास आणखी एक गोष्ट करावी लागते. ज्याचें चरित्र लिहावयाचें त्यास देवदूत बनविण्याचा मोह सोडावा लागतो. अ‍ॅग्नेसबाईंच्या पुस्तकाच्या नांवांतच मुलींनीं ब्रिटिश साम्राज्य उभारण्यास मदत करावी असें होतें. हा देश त्या साम्राज्याखालीं होता. ती गोष्ट झांकून ठेवून त्यांचें गुणगान करणें म्हणजे अर्धें खरें सांगणें होय. पवित्र शास्त्र दावीदाचें पाप लपवीत नाहीं, पेत्राचा नकार लपवीत नाहीं. आणि म्हणूनच त्याच्या साक्षीवर आपला विश्वास बसतो. जो चरित्रकार दोष गाळितो, त्याच्या स्तुतीवरहि पुढें कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. १९०३ सालापासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर एकत्र चालूं लागला होता. अमरावती, अकोला व जबलपूर हीं एकाच प्रांतांतलीं शहरें होतीं. त्या जबलपुरांत १९११ सालीं डॉ. कलेन यांनीं हिंदुस्थानांतील पहिली गाइड तुकडी काढिली. म्हणजे लंडनांत संस्था निघाल्यावर पुढच्याच सालीं तिचें रोपटें आपल्याच प्रांतांत लागलें. प्रथमच्या तुकड्या युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलींच्या होत्या. हिंदी मुलींस दार पुढें उघडलें. १९१५ पर्यंत देशांत पन्नासांहून अधिक तुकड्या व बाराशेंहून अधिक मुली झाल्या. १९२८ सालीं जागतिक संघ स्थापन झाला त्यांत हिंदुस्थान पहिल्या सभासदांपैकीं होता. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली व १९५१ सालीं मुलींची संघटना तींत मिळाली. १९६६ सालीं पुण्यास संगम नांवाचें जागतिक केंद्र उघडलें. तेथें देशोदेशींच्या मुली येऊन राहतात. आज जगांतील दीडशें देशांत सुमारें एक कोटि मुली व स्त्रिया या संघांत आहेत.

एवढा मोठा वृक्ष. आणि आपल्या प्रांतांत त्याचें पहिलें रोप लावणाऱ्याचें नांव संस्थेच्या लहान इतिहासांत डॉ. कलेन या दोनच शब्दांत येतें. एका ओळीवर चरित्र संपतें. ती ओळ वाचतांना आपल्या मंडळ्यांची आठवण होते. कारण आपल्याकडे पुष्कळांच्या वांट्यास ती एक ओळहि आलेली नाहीं.

एक उदाहरण अकोल्याचें घ्या. या भागांत कार्य केलेल्या जेनी फुलर या बाईंनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या दुःखांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिलें. तें १९०० सालीं छापलें गेलें व पंडिता रमाबाईंनीं त्यास प्रस्तावना लिहिली. स्त्रियांच्या गाऱ्हाण्यांचें तें पुस्तक. पण मुखपृष्ठावर लेखिकेचें नांव छापलें तें मिसेस मार्कस फुलर असें, म्हणजे पतीचें. तशी त्या काळची रीतच होती. जेनी हें नांव शोधणाऱ्यासच सांपडतें.

याच्या उलट पंडिता रमाबाईंचें पाहा. त्यांचा जन्म १८५८ सालचाच, एप्रिलांतला. अ‍ॅग्नेसबाईंहून त्या कांहीं महिन्यांनीं वडील. १८८२ सालीं त्यांनीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला, ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें, दुष्काळाच्या वेळीं मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों निराधार मुली व विधवा केडगांवास आणिल्या. त्यांचें चरित्र आज आपणांस ठाऊक आहे याचें एक कारण असें कीं, त्यांनीं स्वतः लेखणी सोडिली नाहीं. अमेरिकेचा वृत्तांत मराठींत लिहिला, आपली साक्ष लिहिली, पत्रें लिहिलीं. जिनें स्वतःचें लिहून ठेविलें तिला कोणी सहज पुसूं शकलें नाहीं. आपल्या लेकीबाळींस आपण अक्षरओळख करून देतों ती केवळ नोकरीसाठीं नव्हे, हें यावरून समजावें.

परंतु आपल्या खेड्यांतील ज्या आयाबायांनीं कधीं लेखणी धरिली नाहीं, त्यांचें काय? येथें दुसरा शास्त्रपाठ आपल्या साह्यास येतो. यापो गांवीं तबीथा मरण पावली. पेत्र आला तेव्हां विधवांनीं त्यापुढें कोणताहि ग्रंथ ठेविला नाहीं. तिनें आपल्या हातांनीं शिवलेले अंगरखे व वस्त्रें त्या रडत रडत दाखवूं लागल्या. तीं वस्त्रें म्हणजेच तिचें चरित्र. कोणाचें लुगडें, कोणाचा अंगरखा, केव्हां दिला, काय म्हणून दिला, हें प्रत्येकीस ठाऊक होतें. साक्षी जिवंत होते व पुरावा हातांत होता, म्हणून लूकास ती गोष्ट पुढें लिहितां आली. दहा वर्षें जातीं, त्या विधवाहि जात्या, वस्त्रें फाटतीं, तर तबीथा आपणांस कोठें भेटली असती?

आपल्या मंडळ्यांतहि तबीथा होऊन गेल्या. डोईवर पुस्तकांची पिशवी घेऊन बाजाराच्या दिवशीं गांवोगांव फिरलेली बायबलबाई. दिवसभर निंदणाला जाऊन रात्रीं कंदिलाजवळ पांच-सात मुलींस गीतें व अक्षरें शिकविणारी विधवा. प्लेगांत व पटकींत आजाऱ्यांपाशीं बसलेली सुईण. आजच्या तरुण स्त्रियांच्या मंडळाचें मूळ अशाच एखाद्या ओट्यावर असेल. तिचें नांव विचारलें तर उत्तर येतें, अमक्याची आजी, तमक्याची सासू. आपल्या शेताच्या सातबाऱ्यावर एक अक्षर चुकलें तर आपण तालुक्याला दहा खेपा घालतों, आजोबांचे कागद धुंडाळतों, शेजारच्या म्हाताऱ्यास साक्षीला नेतों. अर्ध्या एकरासाठीं एवढा शोध करणाऱ्यांस, जिनें आपल्या घरांत प्रभूचें नांव आणिलें तिचें नांव शोधण्यास एक दुपार मिळूं नये काय?

म्हणून माझी विनंति अशी आहे. प्रत्येक मंडळींतील पंचांनीं या वर्षी हें काम हातीं घ्यावें, आणि तें शक्यतों मुलींकडूनच करवावें. रविवारच्या शाळेंतील दोघी-दोघींनीं एक वही घेऊन गांवांतील सर्वांत वृद्ध बाईपाशीं जावें. तिला आजी म्हणून नमस्कार करावा, घाई करूं नये, तिचें बोलणें तोडूं नये. तिनें डोळ्यांनीं पाहिलेलें एका बाजूस लिहावें व ऐकलेलें दुसऱ्या बाजूस. साल आठवत नसेल तर तो दुष्काळाच्या आधीं कीं नंतर, कोणत्या पुराच्या वर्षी, कोणाच्या लग्नानंतर, असें विचारावें. मग बाप्तिस्म्याची वही, कबरस्थानांतील दगड, जुन्या फोटोच्या मागची ओळ, यांशीं तें ताडून पाहावें. वाळवीनें खाल्लेल्या वह्यांची नक्कल आजच करून ठेवावी. दोघींच्या सांगण्यांत फरक पडला तर दोन्ही लिहावें. जें सांपडलें नाहीं तें आपल्या मनानें भरूं नये. कारण कोरी जागा ही लाजेची गोष्ट नव्हे, पण बनावट चमत्कार ही मात्र आहे. प्रभूच्या सेवकांचा गौरव वाढविण्यास आपल्या खोट्याची गरज पडत नाहीं.

कोणी म्हणेल, देवाच्या जीवनाच्या पुस्तकांत नांव आहे, मग आपल्या वहींत कशाला? त्या पुस्तकांत आहेच. अ‍ॅग्नेसबाईंच्या दगडावर नांव नव्हतें म्हणून देव त्यांस विसरला नाहीं. वही त्यांच्यासाठीं नव्हे, ती आपल्यासाठीं आहे. पौलानें रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायांत फीबी, प्रिस्किल्ला, पर्सिस, त्रुफैना व त्रुफोसा यांचीं नांवें लिहिलीं तीं त्यांच्या तारणासाठीं नव्हे, तर मंडळीनें आपलें ऋण ओळखावें म्हणून. आणि त्या वहीची खरी गरज आहे ती उपासनेंत मागच्या चटईवर बसलेल्या त्या बारा वर्षांच्या मुलीस. आपल्यासारख्या बायांनीं कधीं कांहीं उभारलें, हें तिला कोणीं सांगितलेलें नाहीं. क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यांत न बोलावतां आलेल्या मुलींप्रमाणें तीहि दाराशीं उभी आहे. तिच्या पणजीचें नांव आपण तिच्या हातीं ठेवूं, म्हणजे स्वतःचें नांव घेऊन पुढें येण्यास ती धजेल.

लूकाप्रमाणें विचारण्याची नम्रता, मुळापर्यंत जाण्याची चिकाटी, आणि खरें तेवढेंच लिहिण्याचें भय प्रभु आपणां सर्वांस देवो. ज्या आज्या अद्याप आपल्यामध्यें आहेत त्यांस तो आयुष्य देवो, आणि त्यांजकडे जाण्यास आपणांस उशीर होऊं न देवो. आमेन.